वाडा जतन (सोलापूर)

१८व्या शतकातील राहता वाडा वारसा वास्तू म्हणून कायद्याच्या संरक्षणाखाली आणणे आणि मूळ बांधणी न मोडता तो नांदता ठेवणे, याला वाडा जतन म्हणतात. सोलापूर जिल्ह्यात या शतकातील ठळक वास्तू म्हणजे अहिल्याबाई होळकरांनी बांधलेला पंढरपूरचा होळकर वाडा.

या भागातल्या जुन्या वाड्याचे मर्म माळवदात आहे. इथे पाऊस बेताचा आणि उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या वर जातो, त्यामुळे उतरत्या कौलांऐवजी मातीचे सपाट छप्पर, म्हणजेच माळवद. सागवानी खांबांवर तुळया, त्यांवर कड्या (लहान आडवी लाकडे), मग किलच (लाकडाच्या चिपा), पाला, चिखल आणि शेवटी पांढऱ्या मातीचा थर. उजेड यावा, धूर जावा म्हणून छपरात सवणे, म्हणजे झरोका, ठेवलेले असते. हा थर माजघर गार ठेवतो. पण मृगाआधी दरवर्षी माती टाकून, चोपून पन्हळी मोकळ्या केल्या नाहीत, तर दोन-तीन पावसाळ्यांत गळती लागते. एकदा ओल भिंतीत शिरली की तुळईचे भिंतीतले टोक कुजते, वाळवी लागते. वाडा बहुधा तिथूनच खचतो.

यावर घाईने केलेला उपाय जास्त घातक ठरतो. माळवदावर सिमेंटचा कोबा ओतला की जुन्या लाकडावरचा भार वाढतो. दगडी भिंतीला सिमेंटचा गिलावा केला की आतली ओल बाहेर पडू शकत नाही. मूळ चुना घाणीत, म्हणजे दगडी चाकाखाली, मळलेला असे. त्यात गूळ, बेलफळ, हिरडा घालत. दुरुस्तीलाही चुनाच हवा. कुजलेली तुळई सबंध न बदलता सडका भाग कापून सांधा देणे योग्य. खोलण्याआधी प्रत्येक लाकडावर क्रमांक टाकून मोजमापी नकाशे करावेत.

संरक्षणाचे मार्ग दोन. १९६०च्या राज्य कायद्याखाली वास्तू राज्य संरक्षित स्मारक होते आणि तिची देखरेख पुरातत्त्व संचालनालयाकडे येते. दुसरा मार्ग नगररचनेचा: वारसा यादीत श्रेणी १, २ किंवा ३ मिळते. श्रेणी १मध्ये बदलांवर सर्वांत कडक बंधन असते. २ आणि ३मध्ये ते क्रमाने सैल होते. राहत्या वाड्याला हाच मार्ग अधिक मानवतो, कारण घराची देखरेख मालकाकडेच राहते. न वापरलेल्या बांधकाम हक्काच्या बदल्यात हस्तांतरणीय विकास हक्क, म्हणजे दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकाम हक्कही मिळू शकतो.

सोलापुरात आणखी एक पदर आहे. भुईकोट किल्ला केंद्र संरक्षित असल्याने केंद्राच्या स्मारक कायद्यातील २०१०च्या दुरुस्तीनुसार त्याच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नव्या बांधकामाला मनाई आहे आणि पुढचे २०० मीटर नियंत्रित क्षेत्र आहे. तिथल्या जुन्या घराच्या डागडुजीलाही परवानगी लागते. मालमत्ता पत्रकावर भाऊबंदांची नावे वाढलेली असली की परवानगीच्या अर्जावर सगळ्यांच्या सह्या जमवण्यातच पावसाळा गाठतो, आणि माळवदावर माती पडायची राहून जाते.