'सेट'चे ४३० अर्थ आले कुठून?

१९८९ साली ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीची दुसरी आवृत्ती २० खंडांत निघाली. त्या २० खंडांतली सर्वांत लांब नोंद होती 'सेट' या तीन अक्षरांच्या इंग्रजी क्रियापदाची. नुसत्या क्रियापदाचे ४३० अर्थ, आणि 'सेट अप', 'सेट ऑफ' अशी जोडरूपं व वाक्प्रचार धरले तर सुमारे ५८०. ही एक नोंद लिहायला जवळपास ६०,००० शब्द लागले, म्हणजे एका छोट्या कादंबरीएवढा मजकूर. सर्वाधिक अर्थांचा इंग्रजी शब्द म्हणून 'सेट'चं नाव गिनीजच्या विक्रमांतही बरीच वर्षं झळकत होतं.

हाड सेट करतात, हिरा सेट करतात, सूर्य सेट होतो, सिमेंट सेट होतं, टेनिसमध्ये सेट जिंकतात, नाटकाला सेट लागतो आणि गणितात सेट थिअरी असते. इंग्रजी शिकणाऱ्याला हा सगळा मनमानी कारभार वाटतो. मात्र यातल्या बहुतेक अर्थांचा माग काढता येतो. तो काढत गेलं की एक जुनं क्रियापद, बाहेरून आलेलं एक नाम, गळून पडलेले प्रत्यय आणि क्रियापदाच्या मागे जाऊन बसलेली अव्ययं दिसू लागतात. अर्थांची संख्या हा या घडामोडींचा परिणाम आहे, आणि माझ्या मते त्या घडामोडी विक्रमापेक्षा कितीतरी रंजक आहेत.

सुरुवात 'सिट'पासून करावी लागते. मराठीत 'बसणे' या क्रियापदाला 'व' जोडून आपण 'बसवणे' करतो, म्हणजेच प्रयोजक रूप बनवतो. इंग्रजीच्या पूर्वज भाषेतही अशी सोय होती. तिथे मूळ धातूचा स्वर बदलून पुढे 'य'सारखा प्रत्यय लागे. त्यातून बसण्यासाठीच्या क्रियापदापासून 'सत्यान' असं बसवण्याचं रूप झालं. पुढच्या 'य'च्या ओढीने आधीचा 'अ' हळूहळू 'ए'कडे सरकला आणि जुन्या इंग्रजीत 'सेत्तान' हे रूप स्थिरावलं. त्याच्या शेजारी 'सित्तान' होतंच. आजचे सिट आणि सेट ते हेच.

ही जोडी एकटी नाही. 'फॉल' म्हणजे पडणे आणि 'फेल' म्हणजे झाड पाडणे, 'लाय' म्हणजे आडवं होणे आणि 'ले' म्हणजे आडवं ठेवणे, 'ड्रिंक' म्हणजे पिणे आणि 'ड्रेंच' म्हणजे मुळात पाजणे, आता चिंब भिजवणे. नवी प्रयोजक क्रियापदं घडवण्याची ही रीत इंग्रजीत कधीच थांबली. मराठीत ती आजही रोज चालते, इंग्रजीत तिचे असे काही अवशेष उरले आहेत. 'सेट' हा त्यातला सर्वांत कामाचा.

सेट म्हणजे बसवणे, एवढं धरून पुन्हा त्या यादीकडे पाहिलं की मराठी वाचकाला बरेच अर्थ ओळखीचे वाटतात. निखळलेलं हाड आपण बसवतो. अंगठीत हिरा बसवतो. यंत्र बसवतो, नाटक बसवतो, विस्कटलेल्या कामाची घडी बसवतो. छापखान्यात खिळे जुळवण्याच्या कामाला इंग्रजीत टाइप सेट करणं म्हणतात. नियम, किंमत किंवा तारीख सेट करायची म्हणजे तिला तिच्या जागी पक्कं बसवायचं. जुन्या इंग्रजीतही 'सेत्तान'चा वापर फक्त वस्तू ठेवण्यापुरता नव्हता. माणसाची नेमणूक करणं, कायदा घालून देणं, ग्रंथ रचणं हे सगळं त्यात येत असे. म्हणजे हजार वर्षांपूर्वीच या शब्दाच्या अर्थांना फांद्या फुटल्या होत्या.

त्याहीमागे गेलं तर धातू संस्कृतच्या 'सद्'चा भाऊबंद निघतो. सदन, संसद, परिषद, उपनिषद हे सगळे 'सद्'चे, म्हणजे बसण्याचेच शब्द. लॅटिनमध्ये त्याच कुळातून 'सेदेरे' आला आणि त्यातून इंग्रजीत सेशन, प्रेसिडेंट, सेडिमेंट हे शब्द पोचले. पक्ष्याच्या घरट्यासाठी संस्कृतात 'नीड' आणि इंग्रजीत 'नेस्ट' आहे. दोन्ही 'खाली बसण्याची जागा' अशाच जुन्या रूपातून आले आहेत. आपलं 'बसणे' मात्र या कुळातलं नाही. ते 'उपविश्'पासून आलं. कुळं निराळी असूनही दोन्ही भाषांत बसवण्याच्या कल्पनेने जवळपास सारख्याच वाटा धराव्यात, हे मला फार लक्षणीय वाटतं.

पुढचा टप्पा प्रत्ययांचा. जुन्या इंग्रजीत काळ, पुरुष आणि वचन यांनुसार क्रियापदाची वेगवेगळी रूपं होत. १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं, तेव्हाच्या आगेमागे हे प्रत्यय झिजू लागले होते आणि पुढच्या दोन-तीनशे वर्षांत त्यांतले बहुतेक गळाले. 'सेट'च्या बाबतीत ही झीज टोकाला गेली. धातूचा शेवट 'ट'ने होत असल्याने भूतकाळाचा प्रत्यय त्यातच विरला. आज वर्तमानकाळ, भूतकाळ आणि धातुसाधित ही तिन्ही रूपं एकच आहेत. शिवाय क्रियापदाचं नाम किंवा विशेषण करायला वेगळा प्रत्यय लागत नाही. बसवण्याची क्रिया सेट, बसवलेली वस्तूही सेट आणि ठरून गेलेली गोष्टही सेट. बॅजर नावाचा प्राणी जमिनीत जे बीळ करतो त्यालाही हाच शब्द आहे. तिथे मात्र शेवटी दोन 'टी' लिहिण्याची जुनी पद्धत टिकली, आणि ब्रिटनच्या १९९२च्या बॅजर संरक्षण कायद्यातही तेच स्पेलिंग आहे.

आणि मग येतो दुसराच एक 'सेट'. लॅटिनमध्ये 'सेक्वी' म्हणजे मागोमाग जाणे. त्यापासून 'सेक्ता', म्हणजे एखाद्याच्या मागून जाणाऱ्यांचा पंथ. जुन्या फ्रेंचमध्ये त्याचा 'सेत्त' झाला आणि मध्ययुगात तो इंग्रजीत उतरला. सेक्ट, सूट, हॉटेलातला स्वीट, सीक्वेल हे त्याचे नातेवाईक. संस्कृतातला 'सच्', म्हणजे सोबत असणे, हाही त्याच मूळ धातूचा, आणि आपला 'सचिव' त्यातूनच आला. समूह किंवा संच या अर्थाचा 'सेट' प्रामुख्याने या वाटेने आलेला आहे. बसवण्याच्या 'सेट'शी त्याचं जन्माचं काही नातं नाही. पण दोघांचे उच्चार एक झाले, आणि एकत्र मांडलेल्या वस्तू म्हणजेच संच अशी सांगड लोकांच्या मनात सहज बसली. कोशकारांनी नाम आणि क्रियापद वेगळं ठेवलं तरी बोलणाऱ्यांसाठी ते केव्हाच एकमेकांत मिसळले होते.

या मिश्रणाचं सर्वांत चांगलं उदाहरण करमणुकीच्या जगात सापडतं. सिनेमाचा सेट बसवण्यातून आला आहे, कारण रंगमंचावर देखाव्याचे भाग आणून उभे केले जात. टीव्ही सेट संचातून आला आहे. आधी तार, मग टेलिफोन, मग रेडिओ, अशा प्रत्येक यंत्रणेच्या सुट्या भागांच्या जुळणीला सेट म्हणत, आणि तेच नाव टीव्हीकडे गेलं. टेनिसमधला सेट म्हणजे गेम्सचा गट. हा खेळाचा अर्थही जुना आहे. शेक्सपिअरच्या १५९९च्या सुमाराच्या 'हेन्री द फिफ्थ' नाटकात फ्रेंच राजपुत्र टेनिसचे चेंडू पाठवून इंग्लंडच्या राजाची टर उडवतो, तेव्हा फ्रान्समध्ये येऊन सेट खेळू, असं राजा त्याला सुनावतो. गणितातला सेट त्या मानाने अगदी नवा आहे. जॉर्ज कँटर यांनी १८७४पासून या विषयाची पायाभरणी केली ती जर्मनमध्ये. तिथे शब्द होता 'मेंगं'. फ्रेंचांनी 'आंसांब्ल' घेतला. इंग्रजीत काही काळ 'अॅग्रिगेट' आणि 'क्लास' चालले आणि मग 'सेट' रूढ झाला.

सूर्य सेट होतो आणि सिमेंट सेट होतं, यांचं काय? इथे बसवणारा कुणी नाही. सिट आणि सेट यांची सरमिसळ इंग्रजीत फार जुनी आहे, आणि बसवण्याच्या क्रियापदाने बसण्याचं कामही मधूनमधून उचललं. सूर्य खाली जाऊन बसतो, ओलं मिश्रण आहे त्या जागी घट्ट होतं, झाडाला फळ धरतं, या सगळ्याला 'सेट' चालतो. 'सेटर' जातीच्या शिकारी कुत्र्याचं नावही यातलंच. सावजाचा वास लागला की तो दबून, एका जागी स्थिर होऊन शिकाऱ्याला दिशा दाखवतो.

अर्थांची मोठी भर पडली ती अव्ययांमुळे. जुन्या इंग्रजीत आपल्या उपसर्गांसारखे उपसर्ग क्रियापदाच्या आधी लागत. 'बिसेट', म्हणजे चहूकडून घेरणं, हे त्यांतलं टिकलेलं रूप. पुढे बरेच उपसर्ग मागे पडले आणि अप, आउट, ऑफ, इन अशी सुटी अव्ययं क्रियापदानंतर येऊ लागली. सेट अप म्हणजे उभारणे, सेट आउट म्हणजे निघणे, सेट इन म्हणजे सुरू होऊन मुक्काम ठोकणे, सेट असाइड म्हणजे बाजूला ठेवणे किंवा निकाल रद्द करणे. यात 'अपसेट'ची गोष्ट विलक्षण आहे. पंधराव्या शतकात त्याचा अर्थ उभं करणे असा होता. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो उलटवणे झाला, आणि तिथून मन उलटंपालटं होण्यापर्यंत पोचला.

हा सारा गुंता पहिल्यांदा कोशकारांना जाणवला. सॅम्युअल जॉन्सन यांनी १७५५च्या आपल्या कोशाच्या प्रस्तावनेत अशा क्रियापदांविषयी उघड तक्रार केली आहे. त्यांचे अर्थ इतके सैल आणि मूळ कल्पनेपासून इतके दूर गेलेले आहेत की या चक्रव्यूहात त्यांचा माग ठेवणं कठीण, असा त्यांचा सूर. त्या यादीत गेट, पुट, रन, मेक, टेक यांच्यासोबत 'सेट' आहे. एकट्या 'टेक'चे त्यांनी १३४ अर्थ दिले होते.

ऑक्सफर्ड कोशाची कल्पना १८५७ साली लंडनच्या फिलॉलॉजिकल सोसायटीत पुढे आली आणि १८७९मध्ये जेम्स मरे संपादक झाले. दहा वर्षांत काम संपेल असा अंदाज होता. पहिला भाग १८८४ साली निघाला, तोही 'अँट' या शब्दापर्यंतच. पहिली आवृत्ती पुरी झाली १९२८ साली, मरे यांच्या निधनानंतर १३ वर्षांनी. या कोशाची पद्धत ऐतिहासिक होती. स्वयंसेवक जुन्या-नव्या ग्रंथांतली वाक्यं चिठ्ठ्यांवर उतरवून पाठवत, संपादक त्या चिठ्ठ्यांचे गठ्ठे अर्थांनुसार लावत आणि सर्वांत जुना अर्थ आधी येईल असा क्रम ठेवत. 'एस' अक्षराचा 'सेट' असलेला भाग हेन्री ब्रॅडली यांच्याकडे होता. हे गृहस्थ शेफील्डच्या एका कटलरी व्यवसायात वीसेक वर्षं कारकून होते आणि भाषाशास्त्र स्वतःच शिकले होते. त्यांच्या चिकाटीबद्दल मला मनापासून आदर वाटतो. शेकडो चिठ्ठ्या हातात घेऊन हा वापर नवा अर्थ म्हणायचा की जुन्याचीच छटा, याचा निर्णय दर वेळी करायचा, आणि त्यासाठी हाताशी फक्त आपलं वाचन आणि कान.

४३० हा आकडा वाचताना हेच ध्यानात घ्यावं लागतं. अर्थ झाडावरच्या फळांसारखे मोजता येत नाहीत. हिरा बसवणं आणि हाड बसवणं हे दोन अर्थ की एक, यावर दोन जाणकार संपादकांचं दुमत होऊ शकतं. एकच शब्द अनेक अर्थ बाळगतो या गोष्टीला फ्रेंच अभ्यासक मिशेल ब्रेआल यांनी १८९७मध्ये 'पॉलिसेमी' हे नाव दिलं. अमरकोशातही अशा शब्दांसाठी स्वतंत्र 'नानार्थवर्ग' आहेच. लहान शब्दांनाच हे भाग्य का, याचा एक अंदाज अमेरिकन अभ्यासक जॉर्ज झिफ यांनी १९४५मध्ये मांडला. शब्दाच्या अर्थांची संख्या त्याच्या वापराच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे शंभरपट वापरल्या जाणाऱ्या शब्दाला साधारण दहापट अर्थ. आणि जास्त वापरले जाणारे शब्द आखूड असतात, हेही त्यांनीच दाखवलं होतं.

'सेट'चं पहिलं स्थान पुढे टिकलं नाही. तिसऱ्या आवृत्तीसाठी नोंदी नव्याने तपासण्याचं काम 'एम'पासून सुरू झालं आणि २०००मध्ये 'मेक' पुढे गेला, २००७मध्ये 'पुट', आणि २०११मध्ये 'रन'. 'रन'च्या क्रियापदाचे ६४५ अर्थ भरले. पीटर गिलिव्हर या संपादकांना या एका शब्दावर सुमारे नऊ महिने काम करावं लागलं. 'रन'ची पार्श्वभूमीही 'सेट'सारखीच आहे. धावणे आणि धाववणे अशी दोन जुनी क्रियापदं त्यात एकत्र आली, म्हणून घोडा रन होतो आणि माणूस कंपनी रन करतो. पाणी वाहण्यासाठी तो पहिल्यापासून होता. मग गिरण्या, घड्याळं, आगगाड्या, इंजिनं आली. मराठीत यंत्र चालतं, इंग्रजीत ते धावतं, आणि प्रत्येक नव्या यंत्राबरोबर 'रन'चे अर्थ वाढत गेले.

म्हणून ४३० आणि ६४५ यांची थेट तुलना करणं योग्य नाही. १९८९च्या आवृत्तीत 'सेट'ची नोंद बहुतांशी जुनी, ब्रॅडली यांच्या वेळचीच होती, वर पुरवणीतली थोडी भर. तिचा आराखडा झाला तेव्हा टीव्ही सेट नव्हता आणि कॉम्प्युटरचं सेटिंगही नव्हतं. 'रन'चं माप घेतलं गेलं तेव्हा सॉफ्टवेअर घराघरांत रन होत होतं.