पार्श्वभूमी : मराठी आणि उर्दू माध्यमाचे वर्ग पडद्यावर जोडताना

मुंब्र्याची आजची दाट वस्ती मुख्यतः 1992-93च्या मुंबई दंगलींनंतरची. मिश्र वस्त्यांतली अनेक मुस्लिम कुटुंबे सुरक्षित जागेच्या शोधात पारसिकच्या डोंगरापायथ्याशी आली. ठाणे जिल्ह्याला दंगली नव्या नव्हत्या, भिवंडी 1970 आणि 1984 मध्ये होरपळली होती. मुंब्रा हे कळव्याच्या पुढचेच स्टेशन, महापालिकाही ठाण्याचीच. तरीही ठाण्याच्या नौपाड्यातले मराठी माध्यमाचे मूल आणि मुंब्र्यातले उर्दू माध्यमाचे मूल एकमेकांशी एक वाक्यही न बोलता दहावी होऊ शकते.

वर्गातल्या तंत्रज्ञानाने यात फरक पडला नाही, कारण ते कायम एकाच दिशेने वाहत आले. 1975चा उपग्रह दूरचित्रवाणीचा प्रयोग, 2004चा शैक्षणिक उपग्रह, 2015 नंतर लोकवर्गणीतून उभ्या राहिलेल्या डिजिटल शाळा, पुस्तकांतले क्यूआर कोड, टाळेबंदीत व्हॉट्सअ‍ॅपवर येणारा अभ्यास. या सगळ्यांत बोलणारा कुणी मोठा आणि मूल ऐकणारे. याच साधनांनी एका वर्गातले मूल दुसऱ्या वर्गातल्या मुलाशी बोलेल, ही कल्पना आपल्याकडे मागेच पडली.

इतरत्र ती जुनी आहे. उत्तर आयर्लंडमध्ये बहुतेक कॅथलिक आणि प्रोटेस्टंट मुले आजही वेगवेगळ्या शाळांत जातात. तिथे शांतता करार 1998 मध्ये झाला आणि पुढच्याच वर्षी आयर्लंड प्रजासत्ताकाशी असलेल्या सीमेच्या अलीकडच्या-पलीकडच्या शाळांच्या जोड्या लावणारा उपक्रम सुरू झाला. तो 2014 पर्यंत चालला. व्हिडिओ कॉन्फरन्सवर भेटून मुले अभ्यासक्रमातलाच एखादा प्रकल्प मिळून करत, आणि जमेल तिथे प्रत्यक्ष भेटही होई. त्याची एक मर्यादा होती : सीमेपलीकडची शाळा म्हणजे दुसऱ्या समाजाचीच शाळा असे काही नव्हते. पुढे शेजारच्याच दोन समाजांच्या शाळांनी मिळून वर्ग भरवण्याला तिथे 2016 मध्ये कायद्याचा आधार मिळाला.

आपल्याला जास्त शिकवण्यासारखा अनुभव इस्रायलमधला आहे. तिथे ज्यू आणि अरब मुलांच्या शाळा वेगळ्या असतात. 2000 नंतरच्या दशकात तिथल्या काही अध्यापक महाविद्यालयांतल्या प्राध्यापकांनी एक क्रम बसवला : दोन्हीकडच्या मुलांचे छोटे मिश्र गट करायचे, सुरुवातीला त्यांनी एकमेकांना फक्त लिहायचे, मग आवाज, मग व्हिडिओ आणि शेवटी प्रत्यक्ष भेट. लेखन आधी का, तर पेहराव, डोक्यावरचा रुमाल, उच्चार यांवरून होणारे पहिले मत टळावे म्हणून.

हा क्रम ठाण्यात जसाच्या तसा उचलू नये असे मला ठामपणे वाटते. कारण लिहायचे म्हटले की लिपी आली. उर्दू माध्यमाचे मूल मराठी शिकते, देवनागरी वाचते. राज्यातल्या सगळ्या शाळांत मराठी सक्तीची करणारा कायदा 2020 मध्ये आला, पण उर्दू शाळांत मराठी त्याआधीपासूनच होती. मराठी माध्यमाच्या मुलाला मात्र उर्दूचे एक अक्षर ओळखता येत नाही. म्हणजे पहिल्या दिवसापासून एक मूल घरच्या भाषेत लिहिणार आणि दुसरे परीक्षेच्या भाषेत, शुद्धलेखनाच्या चुका मोजल्या जातील या धास्तीने. वेगवेगळ्या समाजांचे लोक एकत्र आल्याने पूर्वग्रह कधी कमी होतात याच्या अटी एका अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1954 मध्ये मांडल्या होत्या. त्यांतली पहिलीच अट समान दर्जाची होती. इथे तीच मोडते. इस्रायलमध्येही संवाद बराचसा हिब्रूत झाला आणि भार अरब मुलांवर पडला, ही टीका झालीच आहे.

बोलण्यात चित्र बदलते. लोकलमध्ये, बाजारात, क्रिकेटच्या मैदानात जी हिंदी चालते ती दोन्ही मुलांना सारखीच येते, आणि ती कुणाच्याच पुस्तकातली नाही. म्हणून इथे आवाज आधी आणि लेखन नंतर असावे. उच्चारावरून ओळख पटेल, पटू दे. नावावरून ती तशीही पटतेच. कामासाठी विषय शोधत बसायचीही गरज नाही. राज्याच्या अभ्यासक्रमाची गणिताची पुस्तके मराठीत आणि उर्दूत निघतात, धडे तेच असतात. एकच उदाहरण दोन्ही वर्गांनी त्याच आठवड्यात सोडवून एकमेकांना समजावून सांगता येते. आणि प्रकल्पाचा विषय म्हणून ठाण्याची खाडी तर दोघांचीही आहे.

मात्र हिंदीचे नाव काढणे अलीकडे सोपे राहिलेले नाही. पहिलीपासून हिंदी तिसरी भाषा करणारा शासन निर्णय 16 एप्रिल 2025 रोजी निघाला, 17 जूनला त्यात बदल झाला आणि मोठ्या विरोधानंतर 29 जूनला दोन्ही निर्णय मागे घेतले गेले. मराठी शाळांची पटसंख्या आधीच घसरत असताना हा विरोध होणे स्वाभाविक होते, आणि मला तो पटतो. पण त्या वादाचा फटका मुलांच्या आपसांतल्या बोलीला बसू नये. जोडलेल्या तासात कोणत्या भाषेत बोलायचे हे शिक्षकांनी ठरवूच नये, मुले दहा मिनिटांत ठरवतात. लिहायची वेळ येईल तेव्हा प्रत्येकाने आपापल्या लिपीत लिहावे आणि तिकडच्या वर्गाला ते स्वतःच मोठ्याने वाचून दाखवावे.