सांबऱ्याची हवा दोघांची

बेळगावहून बागलकोट रस्त्याने निघालं की मुतगे मागे पडतं आणि सांबरा येतं. पहाटे वारा आमच्या शिवाराच्या दिशेने असला तर कुंपणापलीकडच्या संचलनाची ललकारी शेतापर्यंत ऐकू येते. थोड्या वेळाने त्याच बाजूने प्रवासी विमानाच्या इंजिनचा आवाज चढत जातो. लहानपणापासून हे दोन्ही आवाज एकाच ठिकाणाहून येताना ऐकले आहेत. तिथे काय चालतं याबद्दल मात्र गावोगावी बरेच गैरसमज आहेत.

सगळ्यात मोठा गैरसमज हा, की सांबऱ्याला लढाऊ विमानांचे वैमानिक तयार होतात. तसं नाही. इथे हवाई दलाची वायुसैनिकांची प्रशिक्षण शाळा आहे, एअरमेन ट्रेनिंग स्कूल. विमान उडवणारे अधिकारी वेगळीकडे शिकतात. जे पुढे इंजिन उघडतील, रडार सांभाळतील, हवामानाच्या नोंदी घेतील, अशा हाताखालच्या नव्हे तर हाताच्या माणसांची सुरुवात इथल्या मैदानावर होते. आता अग्निवीरवायू म्हणून येणाऱ्या मुलामुलींचीही. शेजारचा नागरी विमानतळ भारतीय विमानतळ प्राधिकरण चालवतं.

मूळ तळ 1942 चा. ब्रह्मदेशाच्या आघाडीवर जपान्यांशी लढाई चालू होती, तेव्हा ब्रिटिश हवाई दलाने हा तळ प्रशिक्षणासाठी उभारला. लढाई संपली, ब्रिटिश गेले, तळ राहिला. उत्तर कर्नाटकातला हा सर्वांत जुना विमानतळ.

धावपट्टीच्या दोन टोकांना रंगवलेले मोठे आकडे असतात. सांबऱ्याला एका टोकाला 08, दुसऱ्याला 26. हा होकायंत्राचा कोन आहे, शेवटचं शून्य काढलेला. पूर्वेकडे तोंड करून धावलं तर दिशा साधारण 80 अंश, पश्चिमेकडे धावलं तर 260. दोन आकड्यांत नेहमी 18 चाच फरक असतो, कारण उलट दिशा म्हणजे 180 अंश. आपल्या भागात होकायंत्राची उत्तर आणि खरी उत्तर यांत जेमतेम अंशभराचा फरक आहे, त्यामुळे नकाशावरची पट्टीही जवळपास तशीच आडवी, पूर्व-पश्चिम दिसते.

आणि ती तशीच असायला हवी. ज्याने खळ्यावर सुपाने भात उफणलं आहे त्याला वाऱ्याचं तोंड ओळखावंच लागतं, विमानालाही लागतं. पंखाला जमिनीवरचा वेग कळत नाही, अंगावरून जाणाऱ्या हवेचा वेग तेवढा कळतो. समोरून ताशी 30 किलोमीटरचा वारा असेल तर तेवढा वेग चाकांना कमी गाठावा लागतो, धाव आखूड होते. पाठीमागून असेल तर तेवढाच जास्त गाठावा लागतो. बेळगावात पावसाळाभर वारा पश्चिमेकडून, सह्याद्री ओलांडून येतो आणि हिवाळ्यात बहुतेक पूर्वेकडून. सांबऱ्याची पट्टी या दोन वाऱ्यांच्या रेषेत पडते.

आता उन्हाची गोष्ट, आणि मला वाटतं सांबऱ्याचं खरं विज्ञान हेच आहे. विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे 758 मीटर उंचावर आहे. एवढ्या उंचीवर हवेचा दाब समुद्रकाठच्या 1013 हेक्टोपास्कलवरून साधारण 925 वर आलेला असतो. प्रमाण मानलेल्या हवामानात या उंचीचं तापमान 10 अंश धरतात. एप्रिलच्या दुपारी सांबऱ्याला पारा 35 वर असतो. तापलेली हवा फुगते, विरळ होते. दाब आणि उष्णता दोन्ही मिळून हिशेब केला तर घनमीटरमागे हवा भरते 1.05 किलो, समुद्रकाठी प्रमाण हवामानात ती 1.225 किलो असते. म्हणजे जवळपास 15 टक्के हवा गायब.

वैमानिक हे उंचीच्या भाषेत मांडतात. इतकी विरळ हवा प्रमाण वातावरणात किती उंचीवर सापडली असती? उत्तर येतं साधारण 1660 मीटर. कळसूबाईचं शिखर 1646 मीटरचं आहे. एप्रिलच्या दुपारी दोन वाजता सांबऱ्याच्या डांबरावर उभं असलेलं विमान, त्याच्या पंखांच्या आणि इंजिनच्या लेखी, महाराष्ट्रातल्या सगळ्यात उंच शिखरावर उभं असतं. त्याच दिवशी पहाटे पारा 20 वर असतो तेव्हा तेच विमान पाचशे-साडेपाचशे मीटर खाली उतरलेलं असतं, चाक न हलवता.

याची किंमत धावेत मोजावी लागते. पंखाला तेवढीच उचल हवी आणि हवा 15 टक्के कमी, तर वेग सुमारे 8 टक्के जास्त लागतो. तो वेग गाठायला लागणारं अंतर वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतं, म्हणजे 17 टक्क्यांनी. यात इंजिनची घटलेली ताकद अजून धरलेलीच नाही. इंजिनही तीच विरळ हवा ओढतं, आणि पंख्याच्या पात्यांनाही ढकलायला तीच मिळते. एअरबस 320 सारख्या विमानाला पूर्ण वजनाने, समुद्रकाठी, प्रमाण हवेत सुमारे 2100 मीटर पट्टी लागते. त्यात 17 टक्के मिळवले की झाले साडेचोवीसशे. सांबऱ्याची पट्टी आहे 2300 मीटरची. मग वजन कमी करायचं, म्हणजे प्रवासी, सामान किंवा इंधन यांतलं काहीतरी खाली ठेवायचं, नाहीतर गार वेळ गाठायची. एटीआर 72 सारख्या पंख्याच्या छोट्या विमानाला मुळात 1300 मीटरच पुरतात, म्हणून अशा तळांवर ती भर उन्हातही बिनघोर ये-जा करू शकतात. 2017 मध्ये नवं टर्मिनल उघडलं तेव्हा लोक इमारतीचं कौतुक करत होते. त्याच विस्तारात धावपट्टी वाढली, आणि माझ्या मते मोलाची भर ती होती. इमारत कुठेही बांधता येते. उन्हातल्या हवेला उत्तर फक्त लांब पट्टीचंच.

या हिशेबात गणवेशाचा कुठे संबंध येत नाही. हवाई दलाचं मालवाहू विमान आलं तरी त्याला तोच पारा, तोच दाब, तेवढेच मीटर. हवाई दल आणि प्रवासी विमानं या दोघांत वाटून घ्यायची गोष्ट डांबर असं आपल्याला वाटतं. खरं तर त्याहून महत्त्वाचं वाटप हवेच्या मापाचं असतं.

विमानातला उंचीमापक म्हणजे मुळात दाबमापकच. हवेचा दाब मोजायचा आणि त्यावरून उंची सांगायची, एवढंच तो करतो. पण दाब रोज बदलतो. भर पावसाळ्यात आपल्याकडे तो हिवाळ्यापेक्षा बराच उतरलेला असतो. म्हणून मनोऱ्यातून नियंत्रक वैमानिकाला त्या घडीचा आकडा सांगतो आणि वैमानिक बटण फिरवून तो उंचीमापकात लावतो. एका हेक्टोपास्कलची चूक म्हणजे उंचीत 8 ते 9 मीटरची चूक. एकाने आजचा 1004 लावला आणि दुसऱ्याच्या यंत्रावर दुसऱ्या गावचा 1014 राहिला, तर एकच उंची दाखवणारी ती दोन विमानं प्रत्यक्षात पंचवीस मजल्यांइतकी वरखाली असतात. त्यात ज्याचा आकडा चढा राहिला तो खाली असतो, आणि यंत्र त्याला तू वर आहेस म्हणून सांगतं. आभाळात विमानं एकमेकांपासून 1000 फूट वरखाली ठेवतात, ती याच यंत्राच्या भरवशावर. म्हणून एका तळावर उतरणाऱ्या सगळ्यांच्या यंत्रांत एकच आकडा असावा लागतो, विमान सैन्याचं असो की प्रवाशांचं.

दुसरं सामायिक माप लढाईतूनच आलेलं आहे. रडारच्या पडद्यावर ठिपका दिसतो, पण तो आपला की शत्रूचा हे कळत नाही. दुसऱ्या महायुद्धात यावर तोड निघाली: विमानात एक छोटं यंत्र बसवायचं, जमिनीवरून रेडिओने विचारलं की त्याने आपणहून उत्तर द्यायचं. आज प्रत्येक प्रवासी विमानात त्याचा वंशज असतो, ट्रान्सपॉन्डर. जमिनीवरून 1030 मेगाहर्ट्झवर प्रश्न जातो, विमानातून 1090 वर चार अंकी उत्तर येतं. हे अंक 0 ते 7 एवढेच असतात, म्हणून एकूण आकडे होतात 4096. सैनिकी विमानंही नागरी आभाळातून जाताना याच लहरींवर हीच उत्तरं देतात. सांबऱ्याच्या पट्टीची आणि या यंत्राची जन्मवेळ एकच, लढाईची, आणि दोन्ही आज सुट्टीला गावी येणाऱ्या माणसाच्या कामी येतात.

एका गोष्टीला मात्र दोघेही सारखेच भितात: वळीव. एप्रिल-मेच्या दुपारी ढग चढतात, आणि पाऊस पडायच्या आधी गार वाऱ्याचा लोट येतो, अंगणातले पत्रे उडवणारा. तो वरून कोसळलेल्या जड, थंड हवेचा असतो. जमिनीवर आदळून ती चारी बाजूंना पसरते. उतरणारं विमान त्यात शिरलं की आधी समोरून जोराचा वारा लागतो आणि विमान उचलल्यासारखं होतं. काही सेकंदांनी तोच वारा पाठीमागून लागतो आणि पंखावरचा वेग एकदम गळतो. जमीन जवळ, हातात वेळ नाही. 1985 मध्ये अमेरिकेत डलासला मोठं विमान असंच पडलं होतं. म्हणून ढग डोक्यावर असताना विमान न उतरता वर घिरट्या घालत राहिलं किंवा दुसऱ्या विमानतळावर गेलं तर चिडू नये.

आणि पक्षी. पट्टीच्या कडेचं गवत टिटवीला घरटं घालायला आवडतं. पहिल्या पावसात उडत्या वाळवीमागे घारी उतरतात. 700 ग्रॅमची घार ताशी 250 किलोमीटरने येणाऱ्या विमानावर आपटली तर तो धक्का 50 किलोची साडेतीन पोती एक मीटरवरून एकदम टाकल्याएवढा असतो, आणि तो तळहाताएवढ्या जागेत बसतो. विमानतळाभोवती 10 किलोमीटरच्या आत उघड्यावर जनावरं कापायला आणि घारींना ओढून आणणारी घाण टाकायला 1937 च्या विमान नियमांनीच मनाई केली. हे काम मनोऱ्यातून होत नाही. ते मुतगे, निलजी, बाळेकुंद्री, मारीहाळ इथल्या आपणा सर्वांना करावं लागतं, आणि रस्त्याच्या कडेचे ढीग पाहिले की आपण ते नीट करत नाही याचं वाईट वाटतं.

पावसाळाभर विमानं बहुतेक बाळेकुंद्रीच्या बाजूने खाली येतात आणि पश्चिमेला तोंड करून टेकतात. गेल्या ऑक्टोबरात भात मळून खळ्यावर पडलं होतं. चुलत्यांनी सूप हातात घेतलं, मान वर केली. विमान शहराच्या बाजूने उतरत होतं. "वारं पालटलं बघ," म्हणाले, आणि खळ्याच्या दुसऱ्या अंगाला जाऊन उभे राहिले.