कर्नल-बूट अपयश व त्याचे निदान

संगणक चालू केल्यापासून संचालन प्रणालीचा गाभा, म्हणजे कर्नल, मेमरीत चढून पहिली वापरकर्ता-प्रक्रिया सुरू होईपर्यंतच्या वाटेत कोठेतरी अडकणे याला कर्नल-बूट अपयश म्हणतात. मूळ कोडवरून स्वतः कंपाइल केलेल्या कर्नलच्या बाबतीत हा अनुभव नित्याचा आहे. इतका की नवा कर्नल पहिल्याच खेपेस निमूटपणे सुरू झाला, तर चुकून जुनाच बूट झाला नाही ना, हे चालू कर्नलची आवृत्ती सांगणाऱ्या ‘यूनेम’ आज्ञेने आधी पाहून घेणे शहाणपणाचे ठरते. ही नोंद मुख्यतः लिनक्सविषयी आहे.

अपयशाचे कारण कर्नलच्या सी कोडमध्ये क्वचितच असते. कंपाइल निर्वेध पार पडले याचा अर्थ एवढाच की निवडलेले भाग एकमेकांशी जुळले. या यंत्राला लागणारे भाग निवडले गेले होते की नाही, हे कंपायलरला कळत नाही. वितरणासोबत येणारा कर्नल कोणत्याही यंत्रावर चालावा म्हणून हजारो ड्रायव्हर (उपकरणे हाताळणारे भाग) मॉड्यूलरूपाने, म्हणजे गरजेप्रमाणे लोड होणाऱ्या सुट्या फाइलींच्या रूपाने, बरोबर बाळगतो. स्वतःचा कर्नल बनवणारा मनुष्य नेमके हेच ओझे उतरवायला निघालेला असतो आणि उतरवता उतरवता एखादी अत्यावश्यक वस्तूही काढून टाकतो. ‘मेक लोकलमॉडकॉन्फिग’ ही सोय त्या क्षणी लोड असलेलीच मॉड्यूले ठेवते. त्यामुळे तेव्हा न जोडलेल्या यूएसबी उपकरणाचा ड्रायव्हर त्यातून हमखास गळतो.

बूट होण्याची साखळी ठरलेली आहे. फर्मवेअर (यंत्रातच बसवलेली प्रारंभिक आज्ञावली) बूटलोडरला उठवते, बूटलोडर कर्नलची प्रतिमा व इनिट्रामएफएस हे छोटे तात्पुरते फाइलतंत्र मेमरीत आणतो, कर्नल स्वतःला उलगडून हार्डवेअर ओळखतो, मूळ फाइलतंत्र जोडले जाते आणि शेवटी १ क्रमांकाची प्रक्रिया, म्हणजे ‘इनिट’, सुरू होते. पडद्यावर शेवटचा दिसलेला संदेश यांपैकी कोणत्या कडीतला आहे, हे ओळखणे म्हणजे निम्मे निदान होय. म्हणूनच बूटलोडरच्या आज्ञा-ओळीतून संदेश दडवणारा ‘क्वाएट’ हा शब्द काढून टाकणे ही पहिली पायरी असते.

बूटलोडरच्या टप्प्यावरचे दोष तुलनेने सरळ असतात. फाइल सापडत नाही असा संदेश ग्रब या बूटलोडरने दिला, तर प्रतिमा बूट विभाजनात पोचलेली नसते किंवा ग्रबची संरचना-फाइल नव्याने तयार केलेली नसते. पूर्वीच्या लायलो या बूटलोडरमध्ये कर्नल डिस्कवर नेमका कोणत्या ब्लॉकमध्ये आहे याची नोंद ठेवलेली असे. त्यामुळे कर्नल बदलल्यावर लायलोची आज्ञा पुन्हा चालवायला विसरणे ही त्या काळची सर्वांत लाजिरवाणी चूक होती. आज तिची जागा सुरक्षित बूटने (केवळ मान्य स्वाक्षरीची आज्ञावली चालू देणाऱ्या सोयीने) घेतली आहे : घरी बनवलेल्या कर्नलवर मान्य स्वाक्षरी नसली की शिम हा स्वाक्षरी तपासणारा छोटा बूटलोडर त्याला दारातच अडवतो. बूट विभाजन भरून गेल्याने इनिट्रामएफएस अर्धवट लिहिले जाणे हा आणखी एक फसवा प्रकार आहे, कारण पुढे येणारी चूक जागा अपुरी पडल्याचे सांगतच नाही.

त्यानंतरचा प्रकार म्हणजे निव्वळ काळा पडदा. पडदा काळा म्हणजे कर्नल मेला असे नव्हे. पुष्कळदा कर्नल सुखरूप चालू असतो, पण कन्सोलचा (संदेश दाखवणाऱ्या पडद्याचा) किंवा ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर संरचनेत, म्हणजे कंपाइलपूर्वी केलेल्या भागांच्या निवडीत, घ्यायचा राहून गेल्यामुळे तो मूक झालेला असतो. अशा यंत्राला नेटवर्कवरून पिंग लागतो का हे पाहावे. उलट कळफलकावरचे दिवे एकसारखे लुकलुकत असतील, तर बहुधा कर्नल पॅनिक, म्हणजे न सावरता येणाऱ्या चुकीमुळे कर्नलने काम थांबवणे, झालेले असते. ‘नोमोडसेट’ दिल्याने ग्राफिक्स ड्रायव्हरची ढवळाढवळ थांबते; ‘अर्लीप्रिंटके’ने कन्सोल उभा राहण्यापूर्वीचे संदेशही मिळतात. सीरियल पोर्ट उपलब्ध असल्यास तो ११५२०० बॉड वेगाने दुसऱ्या संगणकाला जोडणे सर्वांत भरवशाचे, कारण संदेश वर सरकून हातचे जात नाहीत.

सर्वाधिक अपयशे मात्र मूळ फाइलतंत्र जोडण्याच्या टप्प्यावर घडतात. येथील अडचण कोंबडी आधी की अंडे या जातीची आहे : डिस्क वाचण्याचा ड्रायव्हर मॉड्यूल म्हणून डिस्कवर ठेवलेला असेल, तर तो वाचायचा कशाने? यावर दोनच वाटा आहेत. डिस्क-नियंत्रक, डिस्क आणि फाइलतंत्र या तिन्हींचे ड्रायव्हर संरचनेत ‘एम’ऐवजी ‘वाय’ निवडून कर्नलच्या पोटात घालावेत, नाहीतर ते इनिट्रामएफएसमधून पुरवावेत. दोन्ही चुकले की ‘व्हीएफएस : अनेबल टू माउंट रूट एफएस ऑन अननोन-ब्लॉक’ हा कुप्रसिद्ध संदेश उमटतो आणि यंत्र थिजते.

हा संदेश सावकाश वाचण्याजोगा आहे. कंसातले दोन आकडे उपकरणाचे मुख्य व गौण क्रमांक असतात, आणि त्याच्या थोडे वर कर्नलने स्वतःला दिसलेल्या विभाजनांची यादी छापलेली असते. आकडे (०,०) आणि यादी रिकामी असेल, तर डिस्क-नियंत्रकाचा ड्रायव्हरच नाही. साटा डिस्कसाठीचे एएचसीआय किंवा नव्या एसएसडींसाठीचे एनव्हीएमई निवडायचे राहिले आहे. आकडे (८,१) असे असतील, तर कर्नलला एसडीए१ हे विभाजन सापडले आहे, पण त्यावरचे ईएक्सटी४ किंवा बीटीआरएफएस हे फाइलतंत्र त्याला वाचता येत नाही. ८ हा स्कझी डिस्कचा मुख्य क्रमांक असून साटा डिस्कही त्याच नावाने वावरतात. आणि आकडे (०,०) असूनही यादीत हवे ते विभाजन डोळ्यांसमोर दिसत असेल, तर चूक मूळ फाइलतंत्र कोठे आहे हे बूटलोडरकडून कर्नलला सांगणाऱ्या ‘रूट’ या प्राचलात आहे. येथे एक बारकावा अनेकांना चकवतो : ‘रूट=यूयूआयडी’ या रूपातील फाइलतंत्राची ओळख इनिट्रामएफएसमधील आज्ञावल्या सोडवतात, कर्नल स्वतः नव्हे; इनिट्रामएफएस वगळणाऱ्याने ‘पार्टयूयूआयडी’, म्हणजे विभाजनाची ओळख, वापरावी, ती कर्नलला थेट समजते. नुसत्या उपकरण-नावावर विसंबणे धोक्याचे आहे. डिस्कच्या जुन्या आयडीई ड्रायव्हरांकडून लिबाटा या नव्या ड्रायव्हर-संचाकडे जाताना एचडीए१ चे एसडीए१ झाले आणि अनेक यंत्रे त्या एका अक्षरापायी अडली. जुना आयडीई विभाग पुढे २०२१ साली ५.१४ या आवृत्तीत काढूनच टाकण्यात आला. यूएसबी डिस्क किंवा मेमरी कार्डावरून बूट करताना उपकरण उशिरा जागे होते. तेथे उपकरणाची वाट पाहायला लावणारे ‘रूटवेट’ हे प्राचल पुरेसे असते.

इनिट्रामएफएस असूनही काम अडते, तेव्हा आवृत्तीचा विसंवाद तपासावा. मॉड्यूले कर्नलच्या पूर्ण नावाच्या निर्देशिकेत शोधली जातात. नावाला स्वतःचे शेपूट जोडून ‘मेक मॉड्यूल्स_इन्स्टॉल’ (मॉड्यूले त्या निर्देशिकेत बसवणारी आज्ञा) करायचे विसरले, किंवा ते करण्याआधीच इनिट्रामएफएस बांधले, तर त्यात मॉड्यूलेच नसतात. ज्या पद्धतीने ते आकुंचित केले आहे, उदाहरणार्थ झेडस्टँडर्ड, ती उलगडण्याची क्षमता कर्नलमध्ये असणेही आवश्यक आहे. अशा वेळी पुष्कळ वितरणे आणीबाणीच्या शेलमध्ये (आज्ञा टाइप करण्याच्या जागी) आणून सोडतात. नवशिक्याला ती शिक्षा वाटते, पण तेथून प्रॉक या कर्नलची माहिती दाखवणाऱ्या निर्देशिकेतील विभाजनांची यादी पाहून आणि हवे ते मॉड्यूल हाताने लोड करून दोष काही मिनिटांत पकडता येतो.

मूळ फाइलतंत्र जोडल्यानंतरही ‘अटेम्प्टेड टू किल इनिट’ असे पॅनिक येऊ शकते. त्यासोबतचा निर्गम-संकेत बोलका असतो. ०एक्स००००७एफ०० मधील ७एफ म्हणजे दशमान १२७. ‘इनिट’ला हवी असलेली लायब्ररी (सामायिक कोडची फाइल) किंवा आज्ञा सापडली नाही, असा त्याचा बहुधा अर्थ होतो. ०एक्स०००००००बी म्हणजे ११ क्रमांकाचा सिग्नल, अर्थात मेमरीवरचा अवैध प्रवेश. ‘वर्किंग इनिट सापडला नाही’ अशा आशयाच्या संदेशामागे ईएलएफ या चालवण्याजोग्या फाइलींच्या स्वरूपाचा आधारच कर्नलमधून काढलेला असण्याची शक्यता असते. सुरुवातीचा कन्सोल उघडता आला नाही ही तक्रार उपकरणांच्या फाइली पुरवणाऱ्या डेव्हटीएमपीएफएसकडे बोट दाखवते, तर सिस्टमडी हा सध्याचा प्रचलित ‘इनिट’ कंट्रोल ग्रुपसारख्या (प्रक्रियांचे गट करणाऱ्या) सोयींवाचून मुळीच चालत नाही.

प्रतिबंधाचा नियम एकच, पण तो मोडता कामा नये : नीट चालणाऱ्या कर्नलच्या जागी नवा लिहू नये, जुना राखून ठेवावा. फ्रीबीएसडी या दुसऱ्या संचालन प्रणालीत नवा कर्नल बसवताना जुना ‘कर्नल.ओल्ड’ नावाने आपोआप बाजूला ठेवला जातो. मात्र बिघडलेल्या कर्नलवर लागोपाठ दुसऱ्यांदा बसवणी केली, की ‘कर्नल.ओल्ड’च्या जागी तो बिघडलेलाच येऊन बसतो, म्हणून चांगली प्रत वेगळ्या नावाने राखतात. लिनक्सवर ‘ग्रब-रीबूट’ने नवा कर्नल फक्त एकदाच निवडता येतो; ‘पॅनिक=१०’ दिल्यास पॅनिकनंतर दहा सेकंदांनी यंत्र आपोआप पुन्हा सुरू होऊन जुन्या कर्नलवर परतते. दूर ठेवलेल्या सर्व्हरवर हे दोन्ही एकत्र वापरणे इष्ट. त्याआधी क्यूईएमयू या आभासी यंत्रामध्ये प्रतिमा चालवून पाहिली तर ढोबळ चुका तेथेच कळतात, पण प्रत्यक्ष यंत्रावरील ड्रायव्हरांची परीक्षा त्यात होत नाही.

संरचना जुनीच ठेवून केवळ आवृत्ती बदलली आणि तरीही बूट अडले, तरच संशय कोडवर घ्यावा. मग बदलांचा इतिहास राखणाऱ्या गिटमधील ‘गिट बायसेक्ट’ आज्ञेने चांगल्या व वाईट आवृत्तींमधले अंतर निम्मेनिम्मे करत जातात; दहा हजार बदलांमधून दोषी बदल साधारण चौदा खेपांत हाती लागतो, आणि प्रत्येक खेपेस नवा कर्नल कंपाइल करून बूट करावा लागतो.