सांडपाणी प्रकल्पाचं अपग्रेड आणि पाण्याचा पुनर्वापर

शहराचा जुना एसटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणारा प्लांट, सुधारायचा आणि त्यातून निघणारं पाणी नदीत न सोडता परत वापरात आणायचं, ही दोन कामं शक्यतो जोडीनेच केली जातात. खरी गोची म्हणजे सांडपाणी थांबत नाही, गटाराला सुट्टी देता येत नाही, म्हणून एक टाकी रिकामी करायची, तिचा लोड बाकीच्यांवर टाकायचा, मग दुसरी हातात घ्यायची, असं काही वर्षं चालतं आणि मध्येच जोराचा पाऊस झाला तर गटारात पाणी शिरून सगळं गणित कोलमडतं.

बरेच प्लांट ॲक्टिव्हेटेड स्लज पद्धतीचे असतात. आर्डर्न आणि लॉकेट यांनी १९१४ मध्ये मँचेस्टरला मांडलेली ही पद्धत, तत्त्व अजून तेच: टाकीत हवा सोडायची, जिवाणू घाण खातात, गाळ खाली बसतो, त्यातला बराचसा परत टाकीत फिरवायचा. प्लांटच्या एकूण विजेपैकी साधारण निम्मी या हवेवरच जाते, त्यामुळे टाकीच्या तळातून बारीक बुडबुडे सोडणारे डिफ्युझर आणि हवा ढकलणारे नवे ब्लोअर बसवले की बिलात लगेच फरक दिसतो. नायट्रोजन काढायचा तर टाकीचा काही भाग मुद्दाम बिनहवेचा ठेवतात, तिथे जिवाणू नायट्रेटमधला ऑक्सिजन ओढून घेतात आणि नायट्रोजन वायू होऊन उडून जातो.

जागा नसेल तर एमबीआर (मेंब्रेन बायोरिॲक्टर), म्हणजे गाळ खाली बसायची वाट न बघता मेंब्रेनमधूनच, म्हणजे अतिबारीक छिद्रांच्या पडद्यातूनच, पाणी ओढायचं. पाणी झकास निघतं पण लाड फार, केस आणि वाइप्सच्या चिंध्या मेंब्रेनला गुंडाळून दोरखंड होतात, म्हणून आधी एक-दोन मिलिमीटरची बारीक जाळी लागतेच.

पाणी शुद्ध करणं आता तसं अवघड राहिलेलं नाही. नामिबियातलं विंडहोक १९६८ पासून सांडपाण्यापासून पिण्याचं पाणी करतंय, सिंगापूरचं न्यूवॉटर, म्हणजे तिथलं शुद्ध केलेलं सांडपाणी, २००३ पासून मुख्यतः कारखान्यांना आणि कूलिंगला जातं. पैसा खातं ते पाइपचं जाळं: सांडपाणी उताराने येतं म्हणून प्लांट शहराच्या सखल टोकाला, आणि गिऱ्हाईक वर, म्हणजे तेच पाणी परत पंपाने चढवायचं, तेही वेगळ्या लाइनने. बऱ्याच देशांत ही लाइन जांभळी ठेवतात, तरी चुकून पिण्याच्या लाइनला जोडली जायची भीती असतेच, म्हणून कनेक्शन चालू करण्याआधी एक लाइन पूर्ण बंद करून तिच्या नळांना पाणी येत नाही ना हे एकेक उघडून बघतात.