मांजराच्या मुताचा वास उकळत्या पाण्यानं जात नाही

"उकळतं पाणी ओता, वर फिनेल टाका, वास गेलाच म्हणून समजा." कोल्हापुरात मांजर पाळणाऱ्याला हा सल्ला शेजारच्या काकूंकडून कधी ना कधी मिळतोच. मीही चादरीवर करून पाहिला. उन्हाळाभर सगळं ठीक. पावसाळ्यात पंचगंगेला पाणी चढलं आणि चादरीला वास.

मुतातला युरिया धुतला की जातो, पण यूरिक आम्लाचे क्षार पाण्यात फारसे विरघळत नाहीत. ते धाग्यांत स्फटिक होऊन बसतात आणि हवा दमट झाली की वास पुन्हा उठतो. उकळत्या पाण्यानं मुतातली प्रथिनं उलट कापडात पक्की बसतात. वास जाईपर्यंत इस्त्रीही नको. फिनेल वास नुसता झाकतं, आणि काही फिनेलांत असणारं फिनॉल हे रसायन मांजराच्या यकृताला झेपत नाही. ब्लीच तर नकोच: मुतातल्या अमोनियाशी मिळून विषारी क्लोरामाइन वायू तयार होतो.

मग करायचं काय? ताजा डाग फडक्यानं टिपा, चोळू नका. गार पाण्यात धुवा. मग पाळीव प्राण्यांच्या डागांसाठी मिळणारं एन्झाइमचं (डागातले घटक फोडणारं) द्रावण डाग पूर्ण भिजेल इतकं ओता आणि बाटलीवरचा वेळ पाळा. घाई केली तर पैसे वाया. व्हिनेगर आणि खायचा सोडा एकत्र ओतला की फेस झकास येतो, पण दोघं एकमेकांनाच मारून टाकतात.

पट्टणकोडोलीची घोंगडी असेल तर मात्र थांबा. लोकर म्हणजे प्रथिनच; प्रथिनं फोडणारं एन्झाइम तिलाही खातं. तिथं गार पाण्यात थोडं व्हिनेगर, हलका हात आणि सावलीतला वारा.