एकाच झाडाची पाने आणि फुले : भांग-गांजाच्या कायद्यामागची पार्श्वभूमी

गांजा कायदेशीर करावा का, त्यावर कर लावावा का आणि परसात एखाददुसरे झाड लावू द्यावे का, हे तीन प्रश्न हल्ली एकत्रच विचारले जातात. होळीला किंवा महाशिवरात्रीला थंडाईतून भांग घेणारी माणसेही ‘गांजा’ म्हटले की कडक शिक्षेची मागणी करतात. त्याला दुटप्पीपणा म्हणून मोकळे होणे सोपे आहे, परंतु ते न्याय्य नाही, कारण एकाच झाडाच्या भांग आणि गांजा या दोन रूपांत केलेला हाच भेद कायद्याच्या मजकुरातही आहे.

कर ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. ब्रिटिश अमदानीत गांजा, चरस आणि भांग या तिन्हींपासून अबकारी उत्पन्न मिळत असे. १८९३-९४ मधील सरकारी चौकशी आयोगाने अकराशेहून अधिक साक्षी घेतल्या आणि माफक सेवनाने सहसा अपाय होत नाही, म्हणून सरसकट बंदी नको, असा निष्कर्ष काढला. लागवडीवर नियंत्रण, पुरेसा कर, मोजकी परवानाधारक दुकाने आणि जवळ बाळगण्याच्या प्रमाणाला मर्यादा, असा त्याच्या शिफारशींचा रोख होता. स्वातंत्र्यानंतरही काही राज्यांत परवान्याची गांजाची दुकाने ऐंशीच्या दशकापर्यंत चालू होती.

पुढचे वळण बाहेरून आले. अमली पदार्थांविषयीच्या १९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारात गांजाच्या झाडाचा अवैद्यकीय वापर थांबवण्यासाठी पंचवीस वर्षांची मुदत होती. करार १९६४ च्या डिसेंबरात अमलात आला, म्हणजे मुदत १९८९ मध्ये संपणार होती. ती संपण्याआधी, १९८५ च्या ऑगस्टमध्ये विधेयक संसदेत मांडले गेले, सप्टेंबरात त्यावर राष्ट्रपतींची मोहोर उमटली आणि १४ नोव्हेंबरपासून ‘एनडीपीएस’ या नावाने ओळखला जाणारा अमली पदार्थांविषयीचा केंद्रीय कायदा लागू झाला. ज्या वस्तूला शतकभर अबकारी कर लावला जात होता, तिच्यावर बंदी घालणारा कायदा अवघ्या तीन महिन्यांत झाला, ही गोष्ट अजूनही खटकते.

खरी गुंतागुंत या कायद्याच्या व्याख्येत आहे. तिच्यानुसार चरस म्हणजे झाडापासून वेगळी केलेली राळ आणि गांजा म्हणजे फुलोऱ्याचे किंवा फळांचे शेंडे. मात्र शेंड्यांशिवाय असलेली पाने आणि बिया त्यातून वगळल्या आहेत. पानांपासून होणारी भांग त्यामुळे केंद्राच्या कायद्याबाहेर राहिली आणि राज्यांच्या अबकारी व दारूबंदी कायद्यांखाली गेली. एका उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये जामीन देताना हीच बाजू उचलून धरली. पण त्याच कायद्यात ‘झाड’ या शब्दाची वेगळी व्याख्या आहे. तीत या प्रजातीचे कोणतेही झाड येते आणि त्याची विनापरवाना लागवड हा दहा वर्षांपर्यंत शिक्षेचा गुन्हा आहे. म्हणजे पान हा गांजा नव्हे, परंतु त्याच पानासाठी परसात एक झाड लावणे हा गुन्हा ठरतो. घरगुती लागवडीविषयी आपल्याकडे चर्चा जवळजवळ होतच नाही, याचे हे एक मोठे कारण असावे. कॅनडाने बहुतेक प्रांतांत घरी चार झाडांना मुभा देऊन दुकानातल्या मालावर कर बसवला. जर्मनीने २०२४ मध्ये दुकाने न उघडता घरी तीन झाडांना परवानगी दिली. तिकडे कर आणि परसातले झाड हे दोन स्वतंत्र निर्णय ठरले. आपल्याकडे प्रश्न व्याख्येपाशीच अडतो.

२००१ च्या दुरुस्तीनंतर शिक्षा वजनावर ठरू लागली. गांजाचे एक किलोपर्यंतचे प्रमाण अल्प, तर वीस किलोंहून अधिक ते व्यापारी मानले जाते, आणि व्यापारी प्रमाणाला किमान दहा वर्षांची शिक्षा आहे. शेतातून उपटलेली झाडे पाने, देठ आणि मातीसकट तोलली, तर ही सीमा सहज ओलांडली जाते. तूर, कापूस किंवा उसाच्या आडोशाने लावलेल्या गांजावर पोलिसांनी छापा घातल्याच्या बातम्या महाराष्ट्रात नेहमी येतात. त्या वाचताना वजनाचा आकडा नेमका कशाचा आहे, हे विचारायला हवे. २०२१ मध्ये सोलापूर जिल्ह्यातील एका शेतकऱ्याने पिकांना भाव नाही म्हणून गांजा लावण्याची परवानगी प्रशासनाकडे मागितली, तेव्हा तो प्रसिद्धीचा खटाटोप ठरवला गेला. कारण काहीही असो, त्या अर्जामागचा भावाचा प्रश्न खरा होता.

याच झाडाच्या धागा आणि बियांसाठी लावल्या जाणाऱ्या वाणांना ‘हेम्प’ म्हणतात, आणि या शब्दाने गोंधळात आणखी भर घातली आहे. त्याचे भाषांतर कुणी ‘ताग’ असे करते, पण आपला शेतकरी हिरवळीच्या खतासाठी पेरतो तो ताग वेगळ्याच कुळातला आहे. उत्तराखंडाने २०१८ मध्ये परवाना दिला तो नशेचे द्रव्य ०.३ टक्क्यांपेक्षा कमी असलेल्या वाणाला, धागा आणि बियांसाठी. तशी परवानगी देण्याची तरतूद १९८५ च्या कायद्यातच होती.

२०२० च्या डिसेंबरात संयुक्त राष्ट्रांच्या मंचावर गांजाला १९६१ च्या कराराच्या सर्वांत कडक यादीतून वगळण्याचा प्रस्ताव २७ विरुद्ध २५ मतांनी मंजूर झाला आणि भारताने त्याच्या बाजूने मत दिले. हिमाचल प्रदेशाने २०२३ मध्ये समिती नेमली, २०२४ मध्ये तिचा अहवाल स्वीकारला आणि २०२५ च्या जानेवारीत नियंत्रित लागवडीच्या प्रायोगिक अभ्यासाला मान्यता दिली. तिथे औषध आणि उद्योगासाठीची लागवड विचाराधीन आहे. परसातले झाड त्यात कुठेच नाही.